गाडी उचलली, आता टायर केवढा?

लिफ्ट किट बसवली की पुढचा प्रश्न ठरलेला : एकतीस इंची, बत्तीस की थेट तेहतीस? सदरच्या टायरवाल्यांकडे दोन शनिवार घालवल्यावर हाती आलेला हा हिशेब. कार्ड स्वाइप करण्याआधी नक्की वाचा!

शनिवारची संध्याकाळ, सात ते नऊची वेळ. सदरच्या रेसिडेन्सी रोडवर कुठल्याही कॉफी शॉपच्या पायरीवर उभं राहा आणि समोरून जाणाऱ्या थार मोजायला लागा. हाताची बोटं संपतील, थार संपणार नाहीत! लाल, काळ्या, मॅट रॅप केलेल्या, छत उघडं टाकलेल्या. त्यातली एखादी इतरांपेक्षा जरा जास्तच उंच दिसते. वाकून पाहिलंत तर टायर आणि मडगार्डच्या मध्ये आख्खी मूठ जाईल एवढी पोकळी. समजून जायचं, या भाऊंनी लिफ्ट किट बसवलीय आणि टायरचे पैसे अजून जमायचेत.

माझा एक कॉलेजमित्र सध्या नेमका याच स्टेजला आहे. घर सदरमध्ये, नोकरी मिहानमधल्या एका आयटी कंपनीत. गाडी म्हणजे २०२०च्या ऑक्टोबरमध्ये बाजारात आलेल्या पिढीतली थार, सोळा इंची रिमवाली. मूळ टायर २४५/७५ आर१६. दिवाळीच्या बोनसमधून दोन इंचांची लिफ्ट झाली आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात ‘तेहतीस’ बसलंय. ‘‘टाकतो तर थर्टी-थ्रीच टाकतो. अर्धवट काम काऊन करायचं बे?’’ हे त्याचं म्हणणं. तर ‘‘त्यात मी चढू कशी?’’ हा त्याच्या आईचा प्रश्न. गुडघे दुखणाऱ्या आईचा प्रश्न तसा साधा, पण पुढच्या दोन शनिवारी आम्ही जे काही ऐकलं, मोजलं, वहीत उतरवलं, त्या सगळ्याचं सार त्याच प्रश्नात होतं. गाडी नेमकी कुणासाठी आणि कशासाठी?

लिफ्टचं काम वेगळं, टायरचं वेगळं

आधी एक गैरसमज दूर करू. लिफ्ट केली म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स वाढला, असं सर्रास बोललं जातं. ते अर्धंच खरं आहे. सस्पेन्शन लिफ्टमध्ये जास्त उंचीच्या स्प्रिंगा येतात किंवा आहे त्या स्प्रिंगला स्पेसर लागतो. चेसिस आणि बॉडी वर जाते. बंपर वर जातो, गाडीचं पोट वर जातं, बांधावरून उतरताना मधोमध अडकून बसायची भीती कमी होते. इथपर्यंत मस्त.

पण थारच्या मागच्या बाजूला सॉलिड ॲक्सल आहे. दोन चाकांना जोडणारा आडवा लोखंडी दांडा आणि त्यावर डिफरन्शियलचा गोल डबा. हा डबा चाकांच्या आधारानं उभा असतो, स्प्रिंगच्या नाही. त्यामुळे दोन काय, सहा इंचांची लिफ्ट केलीत तरी तो जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो. चाकोरीतला मधला उंचवटा, शेतरस्त्यावरचा दगड सगळ्यात आधी त्यालाच भेटतो! त्याला वर उचलतो तो फक्त टायर. आणि तोही निम्म्यानं. टायरचा व्यास ६० मिलिमीटरनं वाढला तर ॲक्सल वर जातो ३० मिलिमीटर.

म्हणजे ‘लिफ्टनंतर टायर हवाच’ हे पोरांचं म्हणणं हवेतलं नाही. लिफ्ट जागा करून देते, टायर ती वापरतो. फक्त क्रम उलटा होतो. खरं तर आधी टायर ठरवायचा आणि तो बसायला लागेल तेवढीच लिफ्ट करायची. आपल्याकडे आधी लिफ्ट होते, मग ती पोकळी बघवत नाही आणि पोकळी भरण्यासाठी टायर शोधला जातो. मोठ्या साइजचा बूट घेऊन मग पायमोजे वाढवत बसावं, तसं!

आकड्यांचा फंडा

टायरच्या बाजूवर लिहिलेलं वाचता आलं की निम्मं काम झालं. २४५/७५ आर१६ यातला २४५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ७५ टक्के. आर म्हणजे रेडियल. १६ म्हणजे रिमचा व्यास, इंचांमध्ये. आता मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा. २४५ गुणिले ०.७५ म्हणजे साधारण १८४ मिमी, ही एका बाजूची भिंत. वर एक आणि खाली एक, म्हणून दुप्पट. त्यात १६ इंची रिमचे ४०६ मिमी मिळवा. आला ७७४ मिमी, म्हणजे साडेतीस इंच. बाजारात ‘एकतीस’, ‘तेहतीस’ म्हणतात तो हाच आकडा, टायरची एकूण उंची. सतराचा-अठराचा म्हणतात ती रिम. या दोन्हींत गल्लत करून घरी चुकीची वस्तू आणणारे कमी नाहीत.

मित्रासमोर चार पर्याय होते. आम्ही ते वहीत एकाखाली एक मांडले.

पहिला, २६५/७० आर१६. उंची ७७७ मिमी. मूळ टायरपेक्षा जेमतेम साडेतीन मिमी जास्त. गाडी रुंद, दणकट दिसते, पण ॲक्सल वर गेला दोन मिमीसुद्धा नाही. हा शुद्ध टशनचा पर्याय.

दुसरा, २५५/६५ आर१८. उंची ७८९ मिमी. थारच्याच वरच्या व्हेरिएंटला कंपनी हाच साइज देते. त्यामुळे कागदोपत्री सगळ्यात बिनघोर. पण गंमत बघा, रिम दोन इंचांनी मोठी झाल्यामुळे टायरची भिंत १८४ वरून १६६ मिमीवर येते. ॲक्सल वाढला सात मिमी आणि दगडाचा मार झेलणारं रबर घटलं अठरा मिमी! डांबरावर झकास, दगडात मात्र रिम वाकायची धास्ती जास्त. मोठा टायर आणि मोठी रिम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे कळतं.

तिसरा, २६५/७५ आर१६. उंची ८०४ मिमी, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या थोडा वर. ॲक्सल वर जातो १५ मिमी, भिंत मिळते १९९ मिमीची. रिम तीच चालायला हवी, पण टायरच्या कॅटलॉगमध्ये रिमच्या रुंदीची मर्यादा दिलेली असते. ती आपल्या रिमशी जुळवून बघायची.

चौथा, स्वप्नातला. २८५/७५ आर१६. उंची ८३४ मिमी, म्हणजे जवळपास तेहतीस इंच. ॲक्सल ३० मिमी वर. दिसायला एक नंबर! फोटो काढला तर लाइक्सचा पाऊस. पण याला रिमही जास्त रुंद लागते, म्हणजे टायरच्या बिलात पाच रिम्सचं बिल वाढलं.

तेहतीसचा खरा खर्च

बिलावरचा आकडा हा खर्चाचा एक भाग. बाकीचा खर्च गाडी रोज थोडा थोडा वसूल करते.

सगळ्यात आधी वजन. तेहतीस इंची मड टायर मूळ टायरपेक्षा सहज सात-आठ किलोनं जड भरतो. एका चाकाला! हे वजन डिकीत ठेवलेल्या सामानासारखं नसतं. ते गरगर फिरतं आणि स्प्रिंगच्या खाली असतं. गाडी सुटताना इंजिनानं ते फिरवायचं आणि थांबताना ब्रेकनं ते आवरायचं. एलआयसी चौकाच्या सिग्नलवर दिवसातून चार वेळा थांबणाऱ्याला हा फरक पायाखाली जाणवतो.

मग गिअरिंग. टायर ७.७५ टक्क्यांनी मोठा झाला की रस्त्याला मिळणारी ओढ सुमारे सात टक्क्यांनी घटते. जणू कुणी गाडीचे सगळे गिअर थोडे लांब करून ठेवलेत. चढावर खालचा गिअर लवकर लागतो, ट्रॅफिकमध्ये क्लच जास्त वेळ दाबला जातो. परदेशात ही मंडळी टायर मोठा करताना डिफरन्शियलमधले दातेही बदलून घेतात. आपल्याकडे त्या खर्चाचा विषय निघाला की सगळे चहा मागवतात.

त्यानंतर स्पीडोमीटर. त्याला टायर बदलल्याचं कुणी सांगितलेलं नसतं. तो जुन्याच मापानं चाकाचे फेरे मोजतो. तेहतीस इंची टायरवर काटा १०० दाखवतो तेव्हा हिशेबानं खरा वेग १०८च्या घरात. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावर कारची वेगमर्यादा १२० आहे. तिथे काटा ११२ वर ठेवून ‘मी तर आरामात चाललोय’ म्हणणारा प्रत्यक्षात १२०च्या वर पोचलेला असू शकतो. कंपन्या काटा मुळात थोडा जास्त दाखवणारा ठेवतात, त्यामुळे नेमका फरक मोबाइलच्या जीपीएसशी ताडून बघायचा. आणि ओडोमीटरही फसतो बरं का. तो १०,००० किलोमीटर दाखवेल तेव्हा गाडी १०,७७५ चाललेली असेल. म्हणजे सर्व्हिसिंग उशिरा, आणि ‘ॲव्हरेज पडलं’ या रडगाण्यातला थोडा वाटा खोट्या मोजणीचा.

शेवटी उंची. दोन इंचांची लिफ्ट म्हणजे ५१ मिमी, त्यात टायरचे ३०. एकूण ८१ मिमी, तीन इंचांहून जास्त. आईच्या गुडघ्यांसाठी ही जवळपास अर्धी पायरी. फुटस्टेप लावून तो प्रश्न सुटेलही. पण गाडीचा गुरुत्वमध्य वर गेला, त्याला फुटस्टेप नाही! उंच, आखूड गाडी अचानक कट मारताना जास्त कलते. समोर गाय आली म्हणून हायवेवर स्टेअरिंग फिरवायची वेळ आली, तर हे तीन इंच आठवतात. थार रॉक्सच्या वरच्या व्हेरिएंटसारखी एडीएएसवाली गाडी असेल तर आणखी एक भानगड. कॅमेरा कंपनीनं एका ठरावीक उंचीसाठी बसवलेला असतो. गाडी उचलली की तोही बिचारा गोंधळायची शक्यता.

घासून कुठे राहिलं?

‘‘दोन इंच लिफ्ट है ना भैया, आराम से बैठेगा!’’ सदरच्या दुकानांमधलं हे पेटंट वाक्य. टायर बसतो, हे खरं. प्रश्न तो फिरतो का, हा आहे.

मोठा टायर दोन ठिकाणी घासतो. एक, चाक खड्ड्यातून वर उसळलं की मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकच्या लायनरला. इथे लिफ्ट उपयोगी पडते. दोन, स्टेअरिंग पूर्ण वळवलं की आतल्या बाजूला, चेसिस किंवा सस्पेन्शनच्या भागांना, नाहीतर पुढे बंपरच्या कोपऱ्याला. इथे लिफ्टचा काडीचा उपयोग नाही! कारण चाक आडवं फिरतंय. मग उपाय म्हणून स्पेसर किंवा बाहेर निघालेली रिम सुचवली जाते. त्यानं चाक बाहेर येतं, आतलं घासणं थांबतं, पण बेअरिंगवरचा ताण वाढतो, स्टेअरिंग हाताला धक्के देतं आणि चिखल थेट दरवाजावर उडतो.

त्यामुळे पाचही टायरचे पैसे मोजण्याआधी दुकानदाराला एकच टायर रिमवर चढवून पुढच्या चाकाला लावायला सांगा. स्टेअरिंग डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण. मग एका बाजूचं चाक दगडावर किंवा रॅम्पवर चढवून पुन्हा तेच. घासल्याची खूण दिसली तर तिथेच बोलायचं. आम्ही ज्या दुकानात हे करायला सांगितलं तिथल्या दादांनी आधी तोंड वाकडं केलं. पण नंतर स्वतःच टॉर्च घेऊन चाकाखाली वाकले आणि लायनरवरचा काळा पट्टा त्यांनीच दाखवला. तेहतीसचं भूत अर्धं तिथेच उतरलं.

एटी, एमटी की एचटी?

साइजपेक्षाही मोठा निर्णय नक्षीचा. एचटी म्हणजे हायवे टेरेन, गुळगुळीत रस्त्याचा शांत टायर. एमटी म्हणजे मड टेरेन, मोठमोठ्या ठोकळ्यांचा राक्षस. एटी म्हणजे ऑल टेरेन, दोघांच्या मधला.

आता नागपूरकडे बघा. एकीकडे शहरभर पसरलेले सिमेंटचे रस्ते. त्यावर एमटी टायर मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा गुणगुणतो. मिहानला जाताना वर्धा रोडवर पहिले दोन दिवस भारी वाटतं, तिसऱ्या दिवशी कॉलवर बॉसचा आवाज ऐकू येईना होतो. शिवाय जुलैच्या पावसात ओल्या सिमेंटवर एमटीची पकड एचटी-एटीच्या तुलनेत कमी भरते. कारण त्याच्या ठोकळ्यांवर पाणी कापणाऱ्या बारीक चिरा कमी असतात आणि रस्त्याला टेकणारं रबरही कमी.

दुसरीकडे आपली काळी माती. शहर सोडून काटोल, उमरेड, कुठल्याही बाजूच्या शेतरस्त्यावर पावसाळ्यात उतरून बघा. ही माती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या नक्षीत अशी भरते की दहा मीटरवर टायर मातीचा लाडू होतो. इथे मात्र एमटीचे रुंद खाच चिखल बाहेर फेकतात आणि एटी लवकर हात टेकतो. म्हणजे ज्याचं शेत काळ्या मातीत आहे आणि ज्याला भर पावसात रोज तिथे जावंच लागतं, त्यानं एमटी घ्यावा, अगदी आवाजासकट. ज्याची गाडी वर्षातले ३४० दिवस सदर ते मिहान आणि उरलेले दिवस रामटेक, खिंडसी, चिखलदरा करते, त्याच्यासाठी एटी पुरेसा आहे. पावसाळी चिखलात जायचंच झालं तर दोराची आणि जोडीला दुसऱ्या गाडीची सोय ठेवायची.

आणि तिसरा नागपुरी घटक म्हणजे ऊन! २३ मे २०१३ रोजी इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तसल्या दिवसांत सिमेंटचा रस्ता तव्यासारखा तापतो. टायर फुटतो तो बहुतेक वेळा उष्णतेनं, आणि उष्णता वाढते कमी हवा, जास्त वजन आणि जास्त वेग या तिघांच्या युतीनं. समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ला सुरू झाल्यावर टायर हा विषय घराघरांत पोचला तो याच कारणानं. तासन्‌तास एकाच वेगानं सरळ पळणाऱ्या गाडीचा टायर शहरातल्यासारखा निवायला उसंतच मिळत नाही. म्हणून साइजसोबत लोड इंडेक्स आणि स्पीड रेटिंग बघा. उदाहरणार्थ, १११ एस असं लिहिलं असेल तर तो एक टायर १०९० किलोपर्यंत वजन पेलतो आणि त्याची वेगाची मर्यादा १८० आहे. क्यू असेल तर १६०. बऱ्याच मड टायरवर क्यूच असतो. लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी घ्यायचा नाही, ही लक्ष्मणरेषा.

सगळ्यात स्वस्त मॉडिफिकेशन : हवा

मोठा टायर का हवा? पकड वाढायला, हे एक उत्तर. मग ही गोष्ट ऐका. मातीत किंवा वाळूत उतरण्याआधी टायरमधली हवा तीसवरून वीस पीएसआयच्या आसपास आणली, की टायर जमिनीवर लांब पसरतो. रस्त्याला टेकणारा पट्टा वाढतो, दगडावर टायर गुंडाळला जातो, धक्के कमी होतात. फुकटात! साध्या रिमवर पंधराच्या खाली जायचं नाही, नाहीतर वळताना टायर रिम सोडतो. डांबरावर परतलं की हवा पुन्हा भरायची. त्यासाठी गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा कंप्रेसर आणि एक बरा गेज एवढंच लागतं. एका टायरच्या किमतीत हे दोन्ही घेऊन वर ताडोबाची वारी होईल.

आणि टायर रुंदच हवा, हा हट्ट इतिहासालाही मान्य नाही. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप ६.००-१६ टायरवर धावली. जेमतेम सहा इंच रुंद! याच विलीज जीप जोडण्यापासून महिंद्राचा गाडीचा धंदा सुरू झाला आणि आजची थार हे त्या घराण्यातलंच पोर. आपल्या पेंच-ताडोबाच्या जिप्सी आठवा. जिप्सी किंगचा टायर २०५/७० आर१५, उंची जेमतेम ६६८ मिमी. तेवढ्या भांडवलावर या जिप्सींनी वर्षानुवर्षं पर्यटकांना वाघ दाखवला. हलकी गाडी, बारका टायर आणि रस्ता ओळखणारा ड्रायव्हर. या तिसऱ्या गोष्टीचं लिफ्ट किट अजून कुणी काढलेलं नाही.

कायदा काय म्हणतो?

हा भाग वाचताना चेहरे पडतात, पण वाचायलाच हवा. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ नुसार, कंपनीनं मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेलं कलम १८२-अ सांगतं की, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘सगळेच करतात’ हा बचाव चौकात चालेल, कोर्टात नाही.

दंडापेक्षा मोठी भीती विम्याची आहे. गाडीत बदल केला आणि इन्शुरन्स कंपनीला कळवलं नाही, तर अपघातानंतर क्लेमच्या वेळी वाद उभा राहू शकतो. कर्जाचे हप्ते चालू असलेल्या गाडीसाठी ही गंमत नाही. वॉरंटीचंही तसंच. म्हणून तीन कामं आधी करायची. इन्शुरन्स कंपनीला ई-मेल करून लेखी उत्तर घ्यायचं, सर्व्हिस सेंटरला विचारायचं, आणि गिरीपेठेतल्या किंवा आपली गाडी जिथे नोंदवलेली आहे त्या आरटीओत चौकशी करायची. विमा कंपनीचा होकार म्हणजे आरटीओचा होकार नव्हे, हेही ध्यानात ठेवायचं. यातलं काहीच करायची तयारी नसेल, तर आपल्याच मॉडेलला कंपनीनं दिलेल्या साइजमध्ये राहून फक्त एटी नक्षी घ्यायची. त्यानंही गाडीचा स्वभाव बदलतो.

मग ठरलं काय?

दुसऱ्या शनिवारी रात्री मित्रानं वहीतल्या तीन ओळींवर काट मारली. राहिला २६५/७५ आर१६, एटी. ॲक्सलला १५ मिमी, जाड भिंत, नव्या रिम नाहीत. वेगातला फरक ३.९ टक्के. टायरच्या उंचीत तीन टक्क्यांपर्यंतचा बदल खपून जातो, असा एक ढोबळ हिशेब जगभर वापरला जातो, त्याच्या हा थोडासाच वर. ऑर्डर मात्र अजून दिलेली नाही. विमा कंपनीचं उत्तर यायचंय. उत्तर नकारार्थी आलं तर मूळ साइजमधलेच एटी घेणार आणि लिफ्टही काढायची का, यावर विचार करणार, असं म्हणतोय. आणि मॅडम, म्हणजे आई? त्यांनी परवा फुटस्टेपवर पाय ठेवून बघितला. म्हणाल्या, ‘‘एवढं चालते. याच्या वर नको.’’ आम्ही दोन शनिवार कॅल्क्युलेटर बडवून ज्या आकड्याला आलो, त्याच आकड्याला त्या एका पावलात पोचल्या!

खिशात ठेवा : टायर घेण्याआधीची यादी

* हिशेब पाचाचा करा. स्टेपनीही त्याच साइजची हवी. फोर व्हील ड्राइव्हमध्ये वेगळ्या उंचीचा टायर लावला तर आतल्या गिअरवर ताण येतो. जड स्टेपनी मागच्या दरवाजावर लटकते, तिथले बिजागरेही तपासा.

* टायरवरचा चार आकडी कोड वाचा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२५ म्हणजे २०२५ मधला तेविसावा आठवडा. जुना माल ‘स्कीम’मध्ये खपवला जातो.

* पक्कं बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. भाव विचारताना हे डोक्यात ठेवा.

* लायनर कापायची किंवा स्पेसर लावायची भाषा सुरू झाली की समजा, टायर एक साइज मोठा आहे.

* टायर बसवल्यावर अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि हेडलाइटचा झोत, तिन्ही तपासून घ्या. उंच झालेल्या गाडीचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

* हवा सकाळी, टायर गार असताना मोजा. दुपारच्या उन्हात वाढलेला आकडा बघून हवा सोडू नका.

* जंगलाच्या हद्दीत स्वतःची गाडी रस्ता सोडून घालू नका. टायर कितीही इंची असो, तिथला चिखल आपला नाही.